परत येणाऱ्यांचे सर

सरांनी आम्हाला कधीच ‘ऑल द बेस्ट’ म्हटलं नाही. कुणी सिलेक्शन बोर्डाला निघालं, बॅग भरून पाया पडायला आलं, की सर त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, “जा. परत ये. मी स्टेशनवर आहे.”

सैन्यात अधिकारी व्हायला निघालेल्या पोरांना हा आशीर्वाद! भोपाळच्या त्या बोर्डाची पद्धत अशी, की पाच दिवस तऱ्हेतऱ्हेच्या परीक्षा घेतात आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून निवडलेल्यांचे छातीवरचे नंबर वाचतात. निवडलेले वैद्यकीय तपासणीसाठी तिथेच राहतात. त्याच दिवशी परतीच्या गाडीत बसतात ते नापास झालेले. तेव्हा ‘परत ये’ याचा अर्थ कुणालाही समजावून सांगावा लागत नसे. एकाच्या आईने तर आमच्या सरावाच्या मैदानाच्या फाटकातच सरांना सुनावलं होतं, “अहो, पोरगं निघालंय, जरा चांगलं बोला की! आम्ही सत्यनारायण घातलाय त्याच्यासाठी.” सर शांतपणे म्हणाले, “मग थोडा प्रसाद द्या त्याच्याबरोबर. परत येताना भूक फार लागते.”

सर नाशिकच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे आणि तिथल्या एनसीसीचे अधिकारी होते. एनसीसीत प्राध्यापकांनाही हुद्दे मिळतात. सर वर्षानुवर्षांच्या कवायतीनंतर मेजर झाले होते, पण ते एनसीसीतले मेजर. सैन्यात ते एक दिवसही नव्हते. तरुणपणी आठ वेळा बोर्डाला गेले आणि आठ वेळा परत आले. ही गोष्ट ते पहिल्याच दिवशी सांगत, स्वतःचं नाव सांगायच्या आधी. त्यात रडगाणं नसे. माणूस आपल्या तालमीचं नाव सांगतो तशा थाटात ते सांगायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी सातपूरला मेव्हण्याच्या वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत आमचं मैदान उभं केलं होतं. बोर्डात असतं तसं सगळं: ऑइलचे रिकामे ड्रम, त्यावर टाकायला फळी, म्हणजे ‘फट्टा’, एक भलामोठा लाकडी वासा, म्हणजे ‘बल्ली’, आणि दोरखंड. एवढ्या सामानावर सहा-सातजणांनी मिळून काल्पनिक ओढा ओलांडायचा. पांढऱ्या रंगावर पाय ठेवायला परवानगी, लाल रंगाला हातसुद्धा लावायचा नाही. वर्कशॉपमधल्या प्रेस मशीनचा धडाम धडाम आवाज चालू असायचा आणि त्यावर सरांची शिटी. ती शिटी खिशातून कधी बाहेर येईल याचा नेम नसे. एकदा वर्कशॉपमधले कामगार सुट्टी झाली असं समजून डबे उघडून बसले होते.

सर आम्हाला नावाने ओळखत नसत. मैदानावर पहिल्या दिवशी जो छातीवरचा नंबर मिळाला, तो मरेपर्यंत चिकटला. मी चौदा. “नऊचं लग्न ठरलं,” “तीनला मुलगी झाली,” अशा बातम्या ते आम्हाला द्यायचे. नऊच्या लग्नात आहेराच्या पाकिटावर त्यांनी ‘चेस्ट नंबर नऊ यांस सप्रेम’ असं लिहिलं होतं. मुलीकडच्या मंडळींना ती काहीतरी भानगड वाटली आणि नऊला बिचाऱ्याला बोहल्यावरून खुलासे करावे लागले.

नेतृत्व शिकवायची त्यांची पद्धतही तशीच. शहरातल्या बाकीच्या क्लासांत नेतृत्वाचे गुण पडद्यावर दाखवायचे. सर ड्रमवर उभं करायचे आणि विचारायचे, “सगळ्यात जास्त लाज कधी वाटली? मोठ्यानं सांग.” मी सांगितलं, की आम्ही फुलं पिकवतो, दसऱ्याला मी रस्त्यावर झेंडूचे हार घेऊन बसले होते, तेव्हा वर्गातली एक मुलगी आली, माझ्याकडून हार घेतला आणि तिने ओळखच दाखवली नाही.

“मग तू काय केलंस?”

“मीही नाही दाखवली.”

“मग फिट्टंफाट! उतर खाली. पुढचा!”

मला वाटलं होतं, काहीतरी समजावतील. सगळी पोरं हसली, मीही हसले. घरी जाताना सायकलवर लक्षात आलं, की इतकी वर्षं जपून ठेवलेली ती गोष्ट मी आता कुणालाही सांगू शकते. पण हे असलं सगळं नंतर सुचतं. तेव्हा मला सरांची लाजच वाटायची. हो, लाजच. आधी मी त्यांच्याबरोबर दिसण्याची लाज बाळगली, मग त्यांच्यासमोर जाण्याची.

नाशकातल्या द्वारका चौकातला प्रसंग तर मी जन्मात विसरणार नाही. आमची जुनी बल्ली मोडली होती. द्वारकेजवळच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने नवा वासा आणि ट्रकचे जुने दोर द्यायचं कबूल केलं. कुणीही माणूस टेम्पो केला असता. सर म्हणाले, “टेम्पोनं आणली तर बल्ली तुमची ओळखायची कशी?” आम्ही सहाजण, वासा खांद्यावर, द्वारकेच्या चौकात. सकाळची गर्दी, चारी बाजूंनी वाहनं. आणि सरांनी चौकात उतरून शिटी फुंकली, हात आडवा केला. पोलीस समजून सगळं ट्रॅफिक थांबलं. खऱ्या पोलिसानेही क्षणभर सॅल्यूट ठोकला.

एक रिक्षावाला ओरडला, “ओ मास्तर, कुणाला पोचवायला चालले?”

“पोचवायला नाय, आणायला!” सर तेवढ्याच मोठ्याने ओरडले.

अख्खा चौक हसला. आमच्या कॉलेजची दोन पोरं बाईकवर होती, त्यांनी मोबाइल काढले. मी बल्लीआड तोंड लपवायला थांबले, तसा मागच्याचा बूट माझ्या टाचेवर आला. सर शेजारी येऊन हळूच म्हणाले, “चौदा, लाज वाटली की चालत राहायचं. थांबलं की लोक बघतात.” त्या संध्याकाळी तो व्हिडिओ कॉलेजभर फिरला आणि पुढचे काही आठवडे मला सगळे ‘खांदेकरी’ म्हणत होते. मी सरांशी आठवडाभर धड बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं, किंवा आलं असेल आणि त्यांनी ते मोजलं नसेल.

स्टेशनवर आहे म्हणायचे आणि खरोखरच असायचे. हिशोब सोपा होता. बोर्डाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ज्याचा किंचाळत फोन आला, तो पास. ज्याचा फोन आला नाही, तो गाडीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सर दाढी करून, इस्त्रीचा बुशशर्ट घालून, थर्मास घेऊन नाशिकरोडला हजर. फलाटावरच्या वजनकाट्याशेजारी त्यांची जागा ठरलेली. भोपाळकडच्या गाडीतून मान खाली घातलेलं पोरगं उतरलं, की आधी त्याच्या हातात चहा. मग त्याची बॅग स्वतः घ्यायचे आणि तडक मिसळ खायला न्यायचे. “तर्री जास्त मार,” असं हॉटेलवाल्याला सांगायचे, आणि पोराला म्हणायचे, “रडायचं असंल तर आत्ता रड. तिखटात कुणी इचारत नाय.” सर मूळचे लासलगावजवळच्या विंचूरचे. एरवी बोलणं प्राध्यापकी, पण मिसळीपुढे आणि फलाटावर त्यांची गावाकडची भाषा वर यायची. पास झालेल्यांना घ्यायला ते कधीच गेले नाहीत. म्हणायचे, “त्यांना घ्यायला अख्खं गाव जातं. तिथं माझं काय काम?”

पण याची दुसरी बाजूही होती. सर फलाटावर उभे दिसले म्हणजे कुणीतरी नापास झालंय, हे स्टेशनवरच्या हमालांनाही कळायला लागलं. बॅगा उचलता उचलता ते विचारायचे, “काय मास्तर, आज कोण?” त्यामुळे पोरं त्यांना चुकवायला लागली. काही मनमाडलाच उतरायची आणि एसटीने नाशकात शिरायची. एकजण तर नाशिकरोड येईपर्यंत संडासात कडी लावून बसला आणि पुढे देवळालीला उतरला. या युक्त्या मोठी पोरं लहानांना गुपचूप शिकवत. सरांना ठाऊक असावं. तरी ते प्रत्येक वेळी जात, थर्मास भरून. रिकाम्या हाताने परत यावं लागलं, तर तो चहा हमालांना पाजत.

माझी पाळी आली तेव्हा मीही मनमाडला उतरले.

भोपाळच्या त्या हॉलमध्ये नंबर वाचले गेले आणि चौदा त्यात नव्हता. मला तिथे दुसराच नंबर मिळाला होता, तोही वाचला गेला नाही, पण मी कान लावून होते चौदासाठी. त्या क्षणी मला स्वतःचं दुःख झालंच नाही. डोळ्यासमोर आले ते आमचे बाबा. बाबांनी फुलबाजारात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, “आमची पोर साहेब होनार हाय.” मी निघायच्या आधीच पेढे वाटून झाले होते. मी फोन बंद केला. रात्रभर खिडकीशी बसून राहिले, आणि मनमाड आलं तशी तिकीट नाशिकरोडचं असूनही खाली उतरले. लपायला उतरलेला माणूस गेटकडे जात नाही, हे तेव्हा कळलं. गेटवर ओळखीचं कुणीतरी असेल असं उगीचच वाटतं. मी फलाटाच्या पार टोकाला, पाण्याच्या नळांमागे जाऊन उभी राहिले आणि गाडी सुटल्यावरच हलले. मग चांदवडवरून एसटीने द्वारका, तिथून चालत, तोंडाला ओढणी बांधून घर.

घरात फक्त आई. ती म्हणाली, “अगं, तू इथं कशी? तुझे बाबा आन् सर तर तुला आनायला स्टेशनला गेलेत.”

फोन लागेना म्हणून बाबा सकाळीच सरांच्या घरी धडकले होते. सरांनी त्यांना सगळं समजावलं आणि म्हणाले, चला माझ्याबरोबर, येताना एक हार घ्या. ते दोघं नाशिकरोडला वजनकाट्याशेजारी उभे राहिले. माझी गाडी आली, गेली. मी उतरले नाही. कदाचित गाडी चुकली असेल म्हणून ते पुढच्या गाडीला थांबले. मग त्याच्या पुढच्या. उन्हं डोक्यावर आली तरी थांबले. आणि मी इकडे गोठ्याशेजारच्या खोलीत, फुलांच्या रिकाम्या क्रेटवर तोंड लपवून बसले होते. आईने फोन केला तेव्हा कुठे ते निघाले.

दोघं आले ते थेट त्या खोलीत. बाबांच्या हातात झेंडूचा हार, उन्हाने मलूल झालेला. मला वाटलं, बाबा आता ओरडतील. निदान रडतील तरी. त्यांनी हार माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाले, “सर म्हनले, परत आलेल्याला हार लागतो.” सकाळपासून फलाटावर सरांनी त्यांना काय काय सांगितलं असेल कोण जाणे. पेढे वाटलेल्या माणसाला एवढं शिकायला एक अख्खी सकाळ पुरली होती.

आणि सर? मी कुठे उतरले, का उतरले, हे त्यांनी विचारलंच नाही. थर्मास माझ्यापुढे ठेवला. “चहा गार झाला,” म्हणाले. “तेवढा धुऊन दे.”

तो थर्मास मी विहिरीच्या पाइपाखाली धूत बसले, धूतच बसले. नापास झाल्याची लाज दोन-चार महिन्यांत निघून गेली. त्या गार चहाची मात्र अजून गेलेली नाही.

पुढे मी सातपूरच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात लागले. रविवारी मैदानावर सरांच्या हाताखाली काम करू लागले, पोरांना दोर बांधायला शिकवायचं, ड्रमना रंग द्यायचा. पण मनात एक खुपत होतं. इतका मोठा माणूस, आणि त्याने असं भंगारात उभं राहून शिट्या फुंकायच्या? फ्लेक्स नाही, वर्गखोली नाही, बूट फाटलेले. मला त्यांच्यासाठी मान हवा होता. खरं सांगायचं तर मला मी ज्यांची विद्यार्थिनी आहे ते सर जरा दाखवण्यासारखे हवे होते.

म्हणून मध्य प्रदेशातल्या एका खासगी विद्यापीठाची जाहिरात दिसली, ‘युवा नेतृत्व आणि अधिकारी प्रशिक्षण’ या नव्या विभागाला प्रमुख हवा, तेव्हा मीच सरांच्या मागे लागले. बायोडाटा मीच टाइप केला. आठ वेळा नापास झाल्याचा उल्लेख काढला. ‘एनसीसीतील मेजर’ हे जरा लांबलचक दिसत होतं, म्हणून नुसतं ‘मेजर’ ठेवलं. नवे बूट घ्यायला लावले. सर म्हणाले, “शिटी नेऊ ना?” मी म्हटलं, “नको सर. तिथे बरं नाही दिसत.” त्यांनी निमूटपणे शिटी माझ्या हातात ठेवली. नाशिकरोडला आम्ही फेटे बांधून, ढोल लावून त्यांना निरोप दिला. गाडी हलली तेव्हा नऊ नंबर ओरडला, “सर, परत या, आम्ही स्टेशनवर आहोत!” सगळे हसले. सर मात्र हसले नाहीत, हात हलवत राहिले.

सुरुवातीला फोन यायचे. मग कमी झाले. मैदान मी एकटीने रेटत होते, पण माझ्या शिटीला कोण विचारतो? मुळात मी ती वाजवतच नव्हते. हातांनी खुणा करायचे. पोरं गळत गेली. मेव्हणे जागेवर शेड टाकायचं बोलू लागले.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला. आवाज बसलेला. “अगं, ह्यांची नोकरी गेली. उद्या दुपारच्या गाडीने निघतायत तिकडून. पण घरी नाही येणार म्हणतात. विंचूरला भावाकडे राहतो म्हणाले, कायमचं. नाशिकमध्ये कुणाला तोंड दाखवणार नाही. मैदान देऊन टाका म्हणाले. मला म्हणाले, कुणाला सांगू नको. मी तुलाच सांगतेय.”

“कुठे उतरणार, काही बोलले?”

“नाही गं. ते मी विचारलंच नाही.”

मला विचारायची गरज नव्हती. विंचूरची एसटी मनमाडहून मिळते, आणि नाशिकरोडला न उतरायची शिकवण आमच्या सगळ्या पिढ्यांनी घेतलेली. मी शिफ्ट बदलून घेतली. थर्मास भरला. बाबांना सांगितलं, तसे ते शेतातून हार करून घेऊन आले, “सर येत्यात ना? मंग रिकामं कसं जायचं?” मनमाडला पोचल्यावर मी माझं नाशिकरोडचं तिकीट काढलं आणि गेटजवळ न थांबता फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या नळांमागे जाऊन उभी राहिले.

गाडी आली. लोक उतरले, भजी-चहाचा गलका झाला. आणि गर्दीच्या उलट दिशेने, जमिनीकडे बघत, सुटकेस ओढत एक म्हातारा माणूस नळांकडे येऊ लागला. नवे बूट करकरत होते. एवढे बारीक झाले होते, की मी आधी बुटांवरूनच ओळखलं.

“सर.”

ते थबकले. वर बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी आरशात पाहिलेलं होतं. चोरी करताना पकडलेल्या पोरासारखे ते सुटकेसच्या मागे सरकले.

“तू? इथं कशी काय?”

“मीही इथेच उतरले होते ना, सर. इथेच, या नळामागे.”

मी विचारलं, “तिकीट कुठपर्यंतचं आहे?”

“नाशिकरोड,” ते म्हणाले.

“माझंही तेव्हा नाशिकरोडचंच होतं. चला, गाडीत बसा.”

“नाय, चौदा. ह्या खेपेला नाय जमायचं. तुला म्हाईत नाय काय झालंय. लोक बघत्यात, जा तू.” आणि त्यांनी मान वळवली. पुढे सिग्नल झाला होता. इंजिनाचा भोंगा वाजला. सर दगडासारखे उभे. मी हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. समजावायला वेळ नव्हता.

मी पर्समधून शिटी काढली आणि फुंकली. जीव खाऊन. द्वारकेला जशी वाजली होती तशी.

अख्खा फलाट वळून बघायला लागला. लांबून गार्ड ओरडला, “ओ मॅडम, काय लावलंय?” माझे कान तापले. पण सरांचे पाय, इतक्या वर्षांच्या सवयीने, आपोआप जुळले होते. त्यांनी सुटकेस उचललीसुद्धा होती.

“लाज वाटली की चालत राहायचं, सर,” मी म्हटलं. “थांबलं की लोक बघतात.”

आम्ही हलत्या डब्यात चढलो. दाराशेजारची जागा मिळाली. लासलगाव आलं. खिडकीतून कांद्याचा उग्र वास येत होता. तिकडे कुठेतरी आत विंचूर होतं, ते मागे पडलं. मी चहा ओतून दिला. दोन घोट घेतल्यावर ते खिडकीबाहेर बघत बोलायला लागले.

“गेटवर माझ्या फोटोखाली लिहिलं होतं, मेजर, निवृत्त. पहिल्याच दिवशी पाहिलं. सगळ्यांना वाटलं, फौजेतला. म्हटलं, उद्या सांगू. शिपाई सॅल्यूट मारायचा. पोरं उठून उभी राहायची. म्हटलं, उद्या सांगू. बरं वाटत हुतं गं.” त्यांनी आणखी एक घोट घेतला. “मग एक पोरगं बोर्डाहून परत आलं. मागच्या बाकावर मान घालून बसलं. मी गेलो त्याच्याकडं. सांगणार हुतो, बाबा, मी आठ खेपा असाच आलोय. तर ते पोरगंच म्हणालं, ‘सर, आप नहीं समझेंगे. आप तो सिलेक्टेड हैं.’ आन् मी गप बसलो, चौदा. जल्मभर जे सांगत आलो, ते त्या पोराला सांगायला माझं तोंड उघडलं नाय.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशी सगळ्यांपुढं खरं काय ते सांगून टाकलं. विद्यापीठवाल्यांनी केबिनमधी बोलावलं, म्हणाले, संस्थेची बदनामी केली, या आता. ते जाऊ दे. पण ते पोरगं पुन्हा वर्गात आलंच नाय. त्याला घ्यायला स्टेशनवर कुणी नव्हतं. मी नव्हतो.”

“सर, बायोडाटातून ‘एनसीसी’ मी काढलं होतं. छान दिसावं म्हणून. हे माझ्यामुळे झालं.”

“वाचला हुता मी तो,” ते म्हणाले. “जायच्या आधी. मला आवडला हुता.”

एकमेकांकडे न बघता आम्ही चहा प्यायलो. निफाड गेलं. त्यांचं लक्ष माझ्या पिशवीतल्या झेंडूकडे गेलं.

“हा कुणाला?”

“तुम्हाला. बाबांनी पाठवलाय.”

त्यांनी हाराला हात लावला आणि परत पिशवीत सारला. “राहू दे,” एवढंच म्हणाले.

नाशिकरोड आलं. मी त्यांची सुटकेस घेऊन जिन्याकडे निघाले, तर सर मागे नव्हते. वळून बघितलं. ते वजनकाट्याशेजारी, आपल्या जुन्या जागी जाऊन उभे होते. पाय जुळलेले, मान ताठ, आणि नजर एकेका डब्याच्या दारावरून पुढे सरकत होती. एक हमाल थांबला. “काय मास्तर, लय दिवसांनी! आज कोण?”

“मीच,” सर त्याला मोठ्याने म्हणाले. मग मला हाक मारली, “चौदा! हार घेऊन इकडं ये. अजून डबे रिकामे व्हायचेत. आलोच आहोत तर बघून जाऊ, आणखी कोण परत आलंय का.” मी जवळ गेले तेव्हा त्यांनी थर्मास हातात घेऊन हलवून पाहिला. एका माणसापुरता चहा शिल्लक होता, आणि अजून गरम होता.